आधी तेल तपासा, मग फिल्ट्रेशनचं बोला

बुरहानपुरात तुमचे माग गल्लीतल्या डीपीवर चालत असतील, तर तो ट्रान्सफॉर्मर पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचा. त्याचं तेल, फ्यूज, दुरुस्ती यातलं काहीही तुमच्या खिशातून होत नाही. तेल गळतंय, डीपी गुणगुणतोय, तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून ठेवा. ‘तेल आणायचंय’ म्हणून गल्लीत वर्गणी फिरली तर पावती मागा. पावती नाही, तर पैसेही नाहीत.

पुढचं सगळं इथल्या एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या जोडणीवाल्यांसाठी: सायझिंग, प्रोसेस हाऊस, जिनिंग, केळीची रायपनिंग चेंबरं. त्यात ११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर तुमचा, आणि तो जळला तर भुर्दंडही तुमचाच.

वार्षिक देखभालीच्या करारात दरवर्षी ‘तेल फिल्ट्रेशन’ घातलेलं असतं. गरज आहे का, हे कुणी तपासत नाही. तुम्ही तपासा. तेलाच्या बीडीव्ही चाचणीचा, म्हणजे तेल किती विद्युतदाब सहन करतं ते पाहण्याचा, खर्च शेकड्यांत असतो. आयएस १८६६ प्रमाणे वापरातल्या तेलाची किमान मर्यादा ३० केव्ही आहे. आकडा त्याच्या बराच वर आणि मागच्या वर्षीइतकाच असेल, पाण्याचं प्रमाण आणि आम्लताही ठीक असेल, तर फिल्ट्रेशन पुढे ढकला. आकडा दरवर्षी घसरत असेल, तर मर्यादा गाठायची वाट पाहू नका.

डीजीए, म्हणजे तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी, काही हजारांत जाते. ती मोठ्या किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरसाठी करा. अ‍ॅसिटिलीन दिसलं तर आत ठिणगी पडतेय असं समजा आणि त्याच दिवशी जाणकाराला बोलवा. नमुना काचेच्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न येऊ देता घ्यावा लागतो. कुणी पाण्याच्या बाटलीत तेल भरून नेत असेल, तर तो अहवाल रद्दीच. बीडीव्हीलाही कोरडी काचेची बाटली हवी, आणि पावसाळी दिवशी नमुना नकोच.

थर्मोग्राफी, म्हणजे थर्मल कॅमेऱ्याने जोड तपासणं, चालू लोडवरच होते. सुट्टीच्या दिवशी येतो म्हणणाऱ्याला परत पाठवा. थंड जोडावर कॅमेऱ्याला काय दिसणार? जिनिंगवाल्यांनी ती ऐन हंगामात करून घ्यावी. सारख्या लोडवर एका फेजचा जोड बाकीच्या दोन फेजपेक्षा १५ अंशांहून जास्त तापलेला दिसला, तर दुरुस्ती लगेच. मेगरचं, म्हणजे इन्सुलेशनच्या तपासणीचं, उलट: त्याला शटडाऊन लागतो, म्हणून ते हंगामाबाहेर. त्याच शटडाऊनमध्ये रेडिएटरच्या फटीत अडकलेली रुई काढा. खर्च फक्त मजुरीचा. तुमच्या बाजूचा स्विच पाडून येणारी लाइन मरत नाही. ती बंद करायला वितरण केंद्रात लेखी अर्ज द्या आणि परमिट हातात येईपर्यंत कुणाला वर चढू देऊ नका. मीटरिंगच्या सीलला हात लावू नका.

ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधलं सिलिका जेल पाहायला तर पैसेही लागत नाहीत. निळा गुलाबी झाला की बदला किंवा भट्टीत सुकवून परत वापरा. नव्या नारिंगी प्रकाराचा रंग गेला की तेच.

आता बिलातल्या खाचा. फिल्ट्रेशनचा दर लिटरवर असतो आणि लिटर नेमप्लेटवर छापलेले असतात. समजा ५०० लिटर, दर १० रुपये: बिल ५,००० चं. ‘तेल तीनदा फिरवलं’ म्हणून १५,००० लावले जातात. फेरे दरातच धरलेत, हे कोटेशनवर आधी लिहून घ्या. वरून भरलेल्या तेलाला आयएस ३३५ चं प्रमाणपत्र मागा, नाहीतर जुनंच गाळलेलं तेल नव्याच्या भावात येतं. खंडवा, भुसावळ, इंदूरहून येणाऱ्यांचं गाडीभाडं आणि मुक्काम वेगळा लागतो. शेजारच्या कारखान्याबरोबर एकाच दिवशी बोलावलंत तर तो खर्च वाटला जातो. वर १८ टक्के जीएसटी. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक नसेल तर क्रेडिट बुडालं.

सगळ्यात मोठी खाच म्हणजे तपासणारा आणि फिल्ट्रेशन करणारा एकच असणं. त्याच्या अहवालात तेल चांगलं कशाला निघेल? चाचणी एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेकडून, काम दुसऱ्याकडून, आणि काम झाल्यावर पुन्हा बीडीव्ही. हे कामाच्या ऑर्डरमध्येच लिहा, आणि शेवटचा हप्ता त्या आकड्यावर सोडा.

रावेर-जळगावचा ठेकेदार स्वस्त पडतो, पण विजेचा ठेकेदारी परवाना राज्य देतं. त्याचा परवाना मध्य प्रदेशात चालतो का, प्रत घेऊन विचारा.

पहिल्या भेटीला हे तयार ठेवा: नेमप्लेटचा फोटो, सिंगल लाइन डायग्राम, कारखान्यातून आलेला मूळ चाचणी अहवाल, बारा महिन्यांची विजेची बिलं. मूळ अहवाल हरवला असेल तर बनवणाऱ्या कंपनीला नेमप्लेटवरचा सीरियल नंबर कळवून प्रत मागा. बीडीव्ही त्याच दिवशी कळतं, थर्मोग्राफीला साधारण अर्धा दिवस. डीजीएचा अहवाल कुरिअर धरून आठवड्याभरात यायला हवा. विद्युत निरीक्षकाची तपासणी या सगळ्यामुळे टळत नाही. ती आणि तिची सरकारी फी वेगळी.