आधी दुरुस्तीचा स्तर निवडा, मग दल

संरक्षण दलांत जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरी चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते: अधिकारी की जवान, आणि भूदल, नौदल की हवाई दल. ज्यांना यंत्रांची मनापासून ओढ आहे त्यांनी आणखी एक प्रश्न त्याआधी सोडवावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. लष्करी सामग्रीची दुरुस्ती स्तरांत वाटलेली असते. युनिटमधला तंत्रज्ञ रणगाड्याचे तेल, फिल्टर, बॅटरी तपासतो आणि बिघडलेला सुटा भाग काढून दुसरा बसवतो. त्याच्या मागे असलेले फील्ड वर्कशॉप इंजिन किंवा गिअरबॉक्ससारखे मोठे भाग बदलते. अख्खे वाहन उलगडून, झिजलेले सारे बदलून ते पुन्हा उभे करायचे काम बेस वर्कशॉपचे. पुण्यात खडकीला असलेले ५१२ आर्मी बेस वर्कशॉप हे त्यांपैकी एक. हवाई दलात हीच साखळी स्क्वाड्रनपासून सुरू होऊन नाशिकजवळच्या ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोपर्यंत पोहोचते. तिथे मिग-२९ आणि सुखोई-३० विमानांचे ओव्हरहॉल होते. हुद्दा सारखा असला तरी या ठिकाणचे दिवस, कौशल्ये आणि पुढच्या वाटा फार वेगळ्या असतात, म्हणूनच निवड इथून सुरू व्हावी.

कोणते काम कुठे करायचे हे केवळ रिवाजाने ठरवून चालत नाही, त्यामागे हिशेब असतो आणि तो हुशार विद्यार्थ्याला भुरळ घालावी असा आहे. समजा, रडारचा एक सुटा भाग सगळ्या ताफ्यात मिळून महिन्याला १० वेळा नादुरुस्त होतो. दूरच्या डेपोतून तो दुरुस्त होऊन परतायला ३ महिने लागत असतील, तर कोणत्याही दिवशी साधारण ३० भाग वाटेत किंवा रांगेत अडकलेले असणार आणि तेवढे जादा विकत घेऊन ठेवावे लागणार. तीच दुरुस्ती जवळच्या वर्कशॉपमध्ये १० दिवसांत झाली, तर तीन-चार भागांत भागते. पण मग प्रत्येक वर्कशॉपला महागडा टेस्ट बेंच, स्वच्छ खोली आणि शिकलेला माणूस द्यावा लागतो, शिवाय आघाडीजवळ नेलेली यंत्रसामग्री शत्रूच्या माऱ्यात येऊ शकते. अमेरिकी हवाई दलाच्या अशाच प्रश्नासाठी रँड संस्थेत क्रेग शेरब्रुक यांनी मांडलेले ‘मेट्रिक’ हे गणिती प्रारूप १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून या विषयाची एक शाखाच वाढली. आपल्याकडे २०१६ च्या राफेल करारात ताफ्यातील ७५ टक्के विमाने उड्डाणयोग्य ठेवण्याची हमी पुरवठादाराकडून घेतलेली आहे. अशी हमी देणाऱ्याला कोणता भाग कुठे दुरुस्त होणार याचा हिशेब करावाच लागतो. संख्याशास्त्र आवडणाऱ्या अभियंत्याने याकडे स्वतंत्र कामाचे क्षेत्र म्हणून पाहावे.

यावर पालकांचा पहिला आक्षेप असतो की दुरुस्ती हे दुय्यम काम, खरी प्रतिष्ठा डिझाइनची. मला हे पटत नाही. एखादा भाग कुठे चिरतो, कोणता नट घट्ट करायला हात पोहोचत नाही, कोणते सील उष्णतेत निकामी होते, हे ओव्हरहॉल करणाऱ्याला सर्वात आधी कळते. त्याच्या नोंदींशिवाय पुढचे डिझाइन सुधारत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता सगळे सीलबंद डबे, संगणकच दोष सांगतो, मग तंत्रज्ञाला उरले काय? आघाडीजवळच्या स्तरावर ही शंका काही अंशी खरी आहे. मात्र काढलेला डबा कुठेतरी उघडावाच लागतो, त्यामुळे सखोल कौशल्य मागच्या स्तराकडे सरकते. अमेरिकी लष्कराने याच कारणांनी चार स्तरांची देखभाल दोन स्तरांवर आणली. आपल्याकडेही लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींनुसार २०१७ मध्ये भूदलाच्या वर्कशॉपांची फेररचना मंजूर झाली. म्हणजे आज शिकलेल्या कामाची जागा उद्या बदलेल. ज्याने फक्त भाग बदलायची कृती पाठ केली आहे तो यात अडचणीत येईल. ज्याला तो भाग का बिघडतो हे समजते त्याला नव्या रचनेतही जागा मिळेल.

त्यामुळे मुलाचा पिंड ओळखा. अपुऱ्या हत्यारांनिशी, घाईत आणि थंडीवाऱ्यात तोडगा काढायची उमेद असेल तर युनिट आणि फील्ड वर्कशॉप. बारावीला भौतिक-रसायन-गणित आणि जेईई मेन असेल तर भूदलाची टेक्निकल एन्ट्री आहे, आणि सामग्रीची देखभाल-दुरुस्ती सांभाळणाऱ्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरमध्ये गेलेल्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सिकंदराबादला होते. अग्निवीर टेक्निकल हाही मार्ग आहे, पण त्यात ४ वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम होता येते. त्यामुळे त्या काळात हाती काय प्रमाणपत्र आणि कोणता अनुभव येईल याची चौकशी आधीच करा. चिकाटी, स्वच्छ नोंदी आणि मायक्रोमीटरवर प्रेम असेल तर डेपो. इथे गणवेश घालावाच लागतो असे नाही. बेस वर्कशॉप आणि नौदल गोदीत मोठ्या संख्येने नागरी कर्मचारी असतात. आयटीआय झालेल्यांसाठी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डची अप्रेंटिस शाळा आहे, तर डिप्लोमावाल्यांसाठी चार्जमनची पदे. मुलगा सीमेवर जाईल या भीतीने ज्या घरांत संरक्षण क्षेत्राचे नावच काढले जात नाही, तिथे हा पर्याय बहुतेकदा कोणी सांगितलेलाच नसतो. अशा भरतीची जाहिरात हाती आली की पगाराच्या ओळीआधी ट्रेड आणि नेमणुकीचे ठिकाण वाचा, आणि तिथे नेमक्या कोणत्या स्तराची दुरुस्ती चालते हे तिथल्या निवृत्त कर्मचाऱ्याला विचारून घ्या.