चढाई की पकड? आपल्या कबड्डी संघाच्या खेळाविषयी एक विचार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ आहे, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु आपला संघ हा खेळ कशा रीतीने खेळतो, त्याची रीत कोणती, आणि ती तशीच का, याचा विचार आपण क्वचितच करतो. गेल्या दोन हंगामांत मात्र आपल्या महाविद्यालयात या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. वसतिगृहात, उपाहारगृहात, विष्णुपुरीहून नांदेडला जाणाऱ्या बसमध्ये आणि काही वेळा प्राध्यापकांच्या खोलीबाहेरही एकच वाद ऐकू येतो : आपल्या संघाची पकड चांगली असताना आपण हरतो का? प्रस्तुत लेखात या वादाच्या दोन्ही बाजू मांडून, खेळाचे नियम आणि इतिहास यांच्या आधारे त्यांचा विचार करण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

वादाच्या दोन बाजू

पहिल्या पक्षाला आपण 'पकडवाले' म्हणू. त्यांचे म्हणणे असे की, आपला संघ हा पकडीचाच संघ आहे आणि त्याने तसेच राहावे. नांदेड-लातूरच्या भागात कुस्तीची परंपरा आहे. माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचे फड रंगतात. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. आपल्या संघातील अनेक गडी गावच्या तालमीत अंग मळवून आलेले आहेत. त्यांच्या हाताला घोटा लागला की तो सुटत नाही. मग जे आपले आहे ते सोडून दुसऱ्याची नक्कल कशाला करावी? चढाईपटूने दम घालून निदान रेषा ओलांडावी, सुखरूप परत यावे, आणि सामना कोपरारक्षकांवर सोडावा.

दुसरा पक्ष 'चढाईवाल्यां'चा. त्यांचे म्हणणे असे की, नुसते परत येणे याला चढाई म्हणत नाहीत. आपला गडी मध्यरेषा ओलांडतो, चार पावले डावीकडे, चार पावले उजवीकडे टाकतो आणि रिकाम्या हाताने परततो. प्रेक्षकांना वाटते, हा खेळायला गेला होता की हजेरी लावायला? समोरचा संघ आपल्याला भीत नाही. ज्या संघाला कोणी भीत नाही त्याची ओळख ती कसली?

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे चढाई आणि पकड या दोन वेगवेगळ्या गोष्टी असून त्यांतून एकीची निवड करावयाची आहे. हे गृहीत बरोबर आहे काय, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

संजीवनी आणि गामिनी

महाराष्ट्रात हुतूतू, तामिळनाडूत चडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु अशी या खेळाची अनेक नावे होती आणि गावागणिक नियमही निराळे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्र आणि बडोदे येथील क्रीडासंस्थांनी या नियमांना एकरूप देण्याचा प्रयत्न केला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले.

जुन्या खेळाचे तीन प्रकार सांगितले जातात. 'अमर' प्रकारात बाद झालेला गडी मैदानाबाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. 'गामिनी' प्रकारात बाद झालेला गडी, एका बाजूचे सर्व गडी बाद होईपर्यंत बाहेरच बसे. आणि 'संजीवनी' प्रकारात समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. आज आपण खेळतो ती कबड्डी संजीवनीवर आधारलेली आहे.

हा भेद वरवर किरकोळ वाटतो, पण आपल्या वादाचे मूळ त्यातच आहे असे मला वाटते. गामिनीमध्ये बाद होणे म्हणजे फार मोठे नुकसान. गेलेला गडी लवकर परत येणार नाही. तिथे जपून खेळणे हेच शहाणपण. संजीवनीमध्ये मात्र बाद झालेला गडी पुढच्याच मिनिटाला परत येऊ शकतो. अट एवढीच की समोरचा कोणीतरी बाद झाला पाहिजे. म्हणजे येथे जपून खेळण्याचा फायदा कमी आणि तोटा अधिक. आपला संघ नियम पाळतो संजीवनीचे, परंतु त्याचे मन मात्र गामिनीचे आहे.

नियमांचा हिशेब

हे विधान हिशेबाने तपासून पाहू. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले, तर सामन्यात ८० चढाया होतात. एका संघाच्या वाट्याला ४० येतात.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिच्यामुळे तिसऱ्या चढाईचा नियम सर्वांच्या परिचयाचा झाला. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. आता समजा, एखादा संघ दर वेळी दोन चढाया निष्फळ जाऊ देतो आणि तिसरीतच प्रयत्न करतो. ४० पैकी २६-२७ चढाया रिकाम्या जातील आणि फक्त १३ चढायांत गुणाचा प्रयत्न होईल. शिवाय या १३ चढायांत समोरच्या बचावफळीला आधीच ठाऊक असते की, हा गडी आता आत येणारच. ती खोलवर थांबून त्याची वाट पाहते. म्हणजे प्रयत्न कमी आणि तेही सर्वांत अवघड वेळी. निष्फळ चढाई फुकट असते, हा आपला समज येथेच खोटा ठरतो.

दुसरा मुद्दा बोनस गुणाचा. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईपटूने एक पाय अधांतरी ठेवून बोनस रेषेपलीकडे दुसरा पाय टेकवला की एक गुण मिळतो. आपले काही चढाईपटू यात तरबेज आहेत आणि त्याचे कौतुकही होते. पण बोनस गुणाने आपला बाद गडी जिवंत होत नाही, हे विसरून चालणार नाही. फलकावर गुण वाढतो, बाकावर बसलेला कोपरारक्षक मात्र बसूनच राहतो. आणि समोर पाच गडी उरले की बोनसची वाटही बंद होते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पकड ही संख्येवर अवलंबून असते. सात गडी मैदानात असले की कोपऱ्यावर कोपरा, मध्ये साखळी, एकाने घोटा धरला तर दुसरा कमरेला मिठी मारायला तयार, अशी रचना उभी राहते. तेच गडी चार झाले की साखळी तुटते. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक जादा गुण मिळतो हे खरे. पण त्या भरवशावर कोणी सामना आखत नाही. आपला उजवा कोपरारक्षक बाद झाला, तर त्याला परत आणण्याचे दोनच मार्ग : उरलेल्यांनी पकड करावी, किंवा चढाईपटूने समोरचा गडी टिपावा. उरलेले थोडे असतील तर पहिला मार्ग कठीण. मग चढाईपटूच रिकामा परत येत राहिला, तर आपली नामांकित पकड बाकावर बसून सामना पाहते. शेवटी लोण चढतो आणि समोरच्या संघाला दोन गुण अधिक मिळतात.

यावरून असे दिसते की, ज्यांना आपली पकड प्रिय आहे त्यांनीच चढाईचा आग्रह सर्वांत आधी धरला पाहिजे.

इतरांची उदाहरणे

इतर संघांकडे पाहिले तर हेच दिसते. प्रदीप नरवालच्या चढायांवर पाटणा पायरेट्सने २०१६ साली दोन वेळा आणि २०१७ साली पुन्हा प्रो कबड्डी जिंकली. २०१७ च्या हंगामात नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळविले. पण एकाच गड्यावर इतका भार टाकणे प्रत्येक संघाला परवडणारे नाही.

आपल्याला जवळचे उदाहरण पुणेरी पलटणचे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळविले. गुणसंख्या पाहिली की सामना बचावाचा झाला हे लगेच कळते. तरीही त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा चढाईपटू होता आणि पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे असे चढाईचे अनेक पर्याय त्याच्याजवळ होते. अस्लम अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला. तो आणि आकाश शिंदे हे दोघेही २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होते. महाराष्ट्राच्या मातीत चढाई पिकत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे पुरेसे उत्तर आहे.

आणखी एक उदाहरण इराणचे आहे. तोही कुस्तीचा देश. त्यांचे फजल अत्राचलीसारखे कोपरारक्षक जगात नावाजले. तालमीच्या बळावर पकड करणारा संघ म्हणूनच आपण त्यांना ओळखत होतो. परंतु २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असे हरविले आणि पुढे सुवर्णपदकही घेतले. पकड त्यांनी सोडली नाही. तिच्या जोडीला चढाई शिकून घेतली. कुस्तीची परंपरा ही चढाईच्या आड येते असे नाही, हे यातून सिद्ध होते.

आपले चढाईपटू असे का खेळतात?

येथपर्यंतचा विचार नियमांचा झाला. परंतु आपल्या गड्यांना हे नियम ठाऊक नाहीत असे थोडेच आहे? मग ते रिकामे का परततात? मला याची तीन कारणे दिसतात.

पहिले, सराव मातीवर आणि महत्त्वाचे सामने मॅटवर. मातीत पाय थोडा घसरतो, त्या घसरण्यावर गडी आपला तोल बेततो. मॅटवर बूट घालून पाय जिथे टाकला तिथेच थांबतो. पाठीमागे फिरण्याची आणि लाथ मारण्याची वेळ बदलते. पकडीला हा फरक कमी जाणवतो, चढाईला फार जाणवतो.

दुसरे, आपण प्रेक्षक. पकड फसली तर दोष चार जणांत वाटला जातो. चढाई फसली तर दोष एकट्याचा, आणि तो सर्वांसमोर. 'कशाला गेला होता आत?' हे वाक्य मैदानाच्या कडेने प्रत्येक सामन्यात ऐकू येते. रिकाम्या हाताने परत आलेल्याला मात्र कोणी काही विचारत नाही. मग सुखरूप परत येणे हेच ध्येय झाले तर नवल काय?

तिसरे कारण मैदानाबाहेरचे आहे, म्हणून ते थोडे संकोचाने लिहितो. आपल्या संघातील बहुतेक मुले खेड्यांतून आलेली आहेत. माझ्याप्रमाणेच त्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत असलेल्या पाच टक्के आरक्षणाकडे घरच्यांचे डोळे लागलेले असतात. संघातून नाव गेले, विद्यापीठाच्या संघात निवड हुकली, किंवा एखादे वर्ष वाया गेले, तर 'पुरे झाले शिक्षण, शेतात ये' हे ऐकावे लागेल अशी धास्ती असते. ज्याला एकदा बाद झाल्यावर पुन्हा आत येता येईल याची खात्री नाही, तो जोखीम घेणार कशी? वर्गातही आपण याच रीतीने वागतो. शंका असते, उत्तरही ठाऊक असते, पण चुकले तर हसे होईल म्हणून हात वर होत नाही. तास संपतो आणि आपण सुखरूप परततो. मैदानावरचा आपला चढाईपटू आपल्यापेक्षा वेगळा नाही.

उपाय आणि समारोप

तेव्हा चढाईपटूला नावे ठेवून काही साधणार नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे पुढील गोष्टी करण्यासारख्या आहेत.

सरावाच्या सामन्यात पहिल्या चढाईपासूनच स्पर्शाचा प्रयत्न करण्याचा नियम घालावा, आणि त्या प्रयत्नात बाद झालेल्या गड्याला संघातून वगळले जाणार नाही असे त्याला आधीच सांगावे. एकाऐवजी निदान तीन चढाईपटू तयार करावेत, म्हणजे भार आणि दोष दोन्ही वाटले जातील. पकडीत निष्णात असलेल्या गड्यांनी रोज चढाईपटूंबरोबर समोरासमोर सराव करावा. घोटा कसा धरला जातो हे ज्याला ठाऊक, तोच तो कसा सोडवावा हे शिकवू शकेल. स्पर्धेपूर्वी काही दिवस तरी मॅटवर सराव मिळावा, अशी क्रीडा विभागाला नम्र विनंती आहे. आणि मैदानाच्या कडेला उभे राहणाऱ्या आपण सर्वांनी निष्फळ चढाईपेक्षा फसलेल्या चढाईला अधिक टाळ्या द्याव्यात.

पकड ही आपली ओळख आहे, ती राहावी. मात्र ती ओळख बाकावर बसवून ठेवता येणार नाही. तिला मैदानात ठेवण्याचे काम चढाईपटूच करीत असतो. संजीवनीच्या नियमात बाद झालेला गडी परत येतो. तो परत येणार आहे असा विश्वास त्याला देणे हे मार्गदर्शकांचे, सोबत्यांचे आणि आपणा प्रेक्षकांचे कर्तव्य आहे. पुढील वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आपला गडी पहिल्याच चढाईत निदान रेषेच्या पुढे जाऊन हात घालील, आणि पकडला गेला तरी मान वर करून बाहेर येईल, अशी आशा करू या.