बीट कुणाचा, आवाज कुणाचा

अल्बम रखडला की पोरं एकच सांगतात, "भैया, बस दो वर्स लिखने बाकी हैं।" माझ्या खोलीत वर्सपायी अडकलेला अल्बम मी अजून पाहिलेला नाही. अडकतो तो बीटपायी, फायलींपायी आणि सरतेशेवटी कागदापायी. वर्स काय, दुर्ग-रायपूर लोकलमध्ये उभ्या उभ्या लिहून होतात.

मी मिक्सिंग करतो. वडील वर्ध्याकडून भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडून त्यांनी रिसालीत घर बांधलं, आणि त्या घराची मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. भिंतीला रॉकवूल, खिडकीला जुनी गादी, आणि मे महिन्यात टेक सुरू झाला की कूलर बंद. इथे एक जोडी आली. एक सेक्टरमधला, आमच्यासारखाच मराठी घरातला. दुसरा सुपेल्याचा, घरी छत्तीसगढी. रॅप हिंदीत, मध्येच छत्तीसगढी, शिवी मात्र नागपुरी. दोघांचं काम पहिल्या ऐकण्यातच आवडलं. अल्बम 'नव्वद टक्के' झालाय, फक्त मिक्स-मास्टर करून द्या, असं त्यांचं म्हणणं. त्या उरलेल्या दहा टक्क्यांनी वर्षं कशी खाल्ली ते सांगतो, म्हणजे तुमची वाचतील.

लॅपटॉप उघडला तर सेशनमध्ये अर्ध्या फायली गायब. ज्याने बीट बनवले तो पोरगा मध्येच बंगळुरूला नोकरीला गेला होता आणि मूळ प्रोजेक्ट त्याच्या हार्ड डिस्कवर. या दोघांकडे काय, तर प्रत्येक बीटची एकेक एमपीथ्री. त्यावर आवाज रेकॉर्ड केलेला, तोही ऑटोट्यून आणि रिव्हर्ब बसवूनच. म्हणजे किक जास्त वाटली तर कमी करता येत नाही, आवाजावरचा रिव्हर्ब काढता येत नाही, 808चा बेस शब्दांवर चढतो तरी हात लावता येत नाही. रेकॉर्डिंग झालेलं पॉवर हाउस स्टेशनजवळच्या एका खोलीत. हावडा-मुंबई मुख्य लाइन, मालगाड्या रात्रंदिवस. खालची घरघर हाय-पास फिल्टर लावून बरीच जाते, पण इंजिनाचा हॉर्न जात नाही, तो माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात बसतो. एका गाण्यात तो नेमका हूकच्या आधी आला होता. तो आम्ही ठेवला, त्या गाण्यातली ती सगळ्यात चांगली जागा आहे. बाकी सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं.

म्हणून पहिली गोष्ट. बीट मिळाला त्याच दिवशी त्याचे स्टेम्स मागून घ्या: किक वेगळी, स्नेअर वेगळा, 808 वेगळा, सूर वेगळे, सगळे 24 बिटच्या वेव्ह फायलीत, सगळे एकाच शून्यापासून सुरू होणारे. आवाज नेहमी कोरडा रेकॉर्ड करा, इफेक्ट ऐकायला लावायचा तर लावा, पण छापू नका. आणि सेशन दोन जागी ठेवा, त्यातली एक जागा बीट बनवणाऱ्याच्या घराबाहेरची असू द्या.

त्यांचे तीन बीट तर नेटवरून वीस-तीस डॉलरला 'लीज'वर घेतलेले निघाले. लीज म्हणजे भाड्याचं घर. तोच बीट आणखी कितीही जणांना दिलेला असू शकतो, किती स्ट्रीमपर्यंत वापरायचा याची मर्यादा असते, आणि बहुतेक लीजमध्ये असंही लिहिलेलं असतं की गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवायचं नाही. या दोघांचं गाणं तयार होऊन पडलेलं असताना तोच बीट दुसऱ्या शहरातल्या कुणीतरी वापरून टाकला. सुपेल्याचा पोरगा दोन दिवस फोन उचलेना. त्याचं म्हणणं, "हमन चोर दिखबो अब।" चोर तर हे नव्हतेच. पण ऐकणाऱ्याला तारखेपलीकडे काही दिसत नाही.

या दोघांना मी तेव्हा क्लिप्सची गोष्ट सांगितली. रस्त्यावरच्या रॅपमधली जोडी, अल्बम आणि उशीर हे तिन्ही एकत्र ज्या गोष्टीत आहेत, ती हीच. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचचे दोन सख्खे भाऊ, मॅलिस आणि पुशा टी. त्यांच्यासोबत पहिल्यापासून नेपच्यून्स, म्हणजे फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो. पहिला अल्बम इलेक्ट्रा कंपनीसाठी बनवला. 1999 मध्ये त्यातलं पहिलं गाणं चाललं नाही, आणि अख्खा अल्बम कपाटात गेला. मग अरिस्टा कंपनी, 2002चा 'लॉर्ड विलिन' आणि त्यातलं 'ग्राइंडिन'. त्या गाण्यात ड्रमशिवाय जवळजवळ काहीच नाही. तिथल्या शाळांत पोरं डबे खायच्या टेबलांवर तो ठेका वाजवायची. आमच्याकडे बाकावर वाजेल.

एवढं झाल्यावर पुढचा अल्बम वर्षभरात यायला हवा होता. 2003च्या अखेरीस काम सुरूही झालं. पण 2004 मध्ये सोनी आणि बीएमजी एक झाल्या, त्या उलथापालथीत क्लिप्स जाइव्ह कंपनीकडे गेले. नेपच्यून्सचं स्टार ट्रॅक लेबल मात्र इंटरस्कोपकडे गेलं. म्हणजे बीट बनवणारे एका घरात आणि आवाज दुसऱ्या घरात अडकलेला. भावांनी सुटका मागितली, ती मिळेना, प्रकरण कोर्टात गेलं. 'हेल हॅथ नो फ्युरी' बाजारात आला 28 नोव्हेंबर 2006 रोजी. बारा गाणी, सगळी नेपच्यून्सची. समीक्षकांनी डोक्यावर घेतला.

मधल्या काळात ते गप्प बसले नाहीत, ही यातली शिकण्यासारखी गोष्ट. दोन मित्रांना घेऊन 'री-अप गँग' केली आणि 'वी गॉट इट फॉर चीप' नावाच्या मिक्सटेप काढल्या, दुसऱ्यांच्या गाजलेल्या बीटवर स्वतःचे शब्द. लोक त्यांना विसरले नाहीत ते त्या मिक्सटेपमुळे. पण तुम्ही आज तशीच्या तशी नक्कल करू नका. तेव्हा मिक्सटेप सीडीवर हातोहात फिरायच्या. आज दुसऱ्याचा बीट यूट्यूबवर टाकला की कंटेंट आयडी पकडतो, आणि स्ट्रीमिंगला तर तो पोचतच नाही. गप्प न बसण्याचे दुसरे मार्ग आहेत: स्वतःच्या बीटवर दोन-तीन मोकळी गाणी, सायफर, एखादं फीचर. अल्बमची गाणी मात्र राखून ठेवा.

क्लिप्सच्या बाबतीत हेच 2025 मध्ये वेगळ्या रूपात पुन्हा घडलं, हे पोरांना खरंच वाटेना. 2009 नंतर दोघे वेगळे झाले होते. सोळा वर्षांनी दोघांचा एकत्र अल्बम आला, 'लेट गॉड सॉर्ट एम आउट', सगळा फॅरेलने केलेला. त्यात केंड्रिक लमारचा एक वर्स होता. पुशा टीने जाहीरपणे सांगितलं की डेफ जॅम कंपनीला तो बदलून हवा होता. भावांनी तो बदलला नाही, पैसे मोजून करारातून बाहेर पडले आणि 11 जुलै 2025 रोजी रॉक नेशनमार्फत अल्बम काढला. पन्नाशीच्या आसपासच्या, नाव कमावलेल्या माणसांना हे परवडलं. आपल्याला करारातून बाहेर पडायचे पैसे कुठून येणार? म्हणून आत जातानाच बघायचं.

आमच्या जोडीचा करार एका मुंबईच्या लेबलशी झाला होता. नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. असे कागद मी बरेच पाहिलेत. आपल्या कॉपीराइट कायद्यात, 1957च्या, कलम 19(4) आहे: हक्क ज्याला दिले त्याने एका वर्षात वापरले नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. खरी मेख 'वेगळं काही लिहिलेलं नसेल' इथेच. लेबलच्या कागदात आठव्या-नवव्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते की हे कलम लागू होणार नाही. पोरांनी ती ओळ वाचली होती, कळली नव्हती. लेबलने दोन गाणी घेऊन ठेवली, 'सीझन बघून काढू' म्हणाले, आणि त्यांचा सीझन काही येईना. सही करण्याआधी ती एक ओळ शोधा आणि खोडायला सांगा. खोडत नसतील तर निदान रिलीजची शेवटची तारीख लिहून घ्या. हक्क किती काळासाठी दिले ती मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, हेही लक्षात असू द्या. आणि एक दिलासा: 2012च्या दुरुस्तीपासून शब्द लिहिणाऱ्याचा आणि संगीत करणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा लेबल सही घेऊनही काढून घेऊ शकत नाही. तो फक्त वारसाला किंवा आयपीआरएससारख्या सोसायटीला देता येतो. पण तुम्ही आयपीआरएसचे सभासदच नसाल तर तो वाटा तुमच्यापर्यंत येणार कसा?

आता तंबूऱ्याचं. अल्बममधलं माझं आवडतं गाणं एका पंडवानीच्या कॅसेटवर उभं होतं. सुपेल्याच्या पोराच्या आजीची कॅसेट, ऐंशीच्या दशकातली. त्यातला तंबूरा आणि रागीची हुंकारी एवढंच कापून त्याने लूप केला होता. पंडवानी इथल्या हवेतच आहे. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई जवळच्या गनियारी गावच्या, आणि स्टील प्लांटमध्ये नोकरीलाही होत्या. पंडवानीत मुख्य गायक महाभारताची कथा सांगतो आणि रागी दर ओळीला हुंकार भरतो, प्रश्न विचारतो, पुढे ढकलतो. रॅपच्या जोडीत एक वर्स म्हणतो आणि दुसरा मागून ॲडलिब टाकतो, तेही तेच काम. गाणं त्यामुळे असं बसलं होतं की ऐकताना अंगावर काटा यायचा.

पण कॅसेट कुणाची? महाभारताची कथा सगळ्यांची, चाल परंपरेची, रेकॉर्डिंग मात्र कंपनीचं. भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. ऐंशीच्या दशकातली कॅसेट 2040 नंतर मोकळी होईल. पोरं म्हणाली, कोण ऐकणार आहे, टाकून देऊ. मी म्हटलं, कुणी ऐकणार नसेल तर मग करताय कशाला?

उपाय साधा होता आणि कॅसेटपेक्षा चांगला निघाला. दुर्गकडच्या एका वादकाला बोलावलं. वयस्क माणूस, चप्पल दाराबाहेर काढून आला, क्लिक ट्रॅक कानात घालायला तयार होईना. त्याला त्याच्या लयीत वाजवू दिलं आणि बीट त्याच्या लयीवर बसवला, चौऱ्याऐंशीच्या आसपास बीपीएम, किंचित हलता. हुंकारीसुद्धा त्यानेच भरली. कागदावर त्याचं नाव, वाटा आणि वाजवायचे पैसे वेगळे, असं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. त्याने विचारलं, "एमा का लिखे हस?" मी पूर्ण वाचून दाखवलं, मग सही.

असा कागद जोडीने आपसातही करायचा असतो, आणि तोच कुणी करत नाही, कारण 'भाई है अपना'. शब्द कुणाचे किती, हूक कुणाचा, बीट कुणाचा, आणि रेकॉर्डिंगचा मालक कोण. कायद्याने रेकॉर्डिंग त्याचं, ज्याने ते घडवून आणायची जबाबदारी घेतली. पण जबाबदारी नेमकी कुणी घेतली हे तीन वर्षांनी तिघे तीन प्रकारे सांगतात. बंगळुरूला गेलेल्या पोराचं म्हणणं होतं की अर्धा अल्बम त्याचा. खोटं नव्हतं ते. 2015च्या 'मेरे गली में'मुळे डिवाइन आणि नेझी घराघरात पोचले, पण बीट सेझचा आहे हे किती जणांना ठाऊक आहे? बीट बनवणाऱ्याला हा राग असतो, आणि तो रास्त असतो. त्याचं नाव कव्हरवर टाका, वाटा टक्क्यांत लिहा, मग स्टेम्स मागा. आम्ही हे केल्यावर त्याच आठवड्यात त्याने सगळी हार्ड डिस्क ड्राइव्हवर चढवली.

उशिराचं एक नुकसान मात्र कागदाने भरून निघत नाही. बीट शिळा होतो. अल्बम सुरू झाला तेव्हा सरकणारे, घसरणारे 808 सगळीकडे होते. मिक्सला येईपर्यंत तेच ऐकून लोकांचे कान विटले होते. चार गाण्यांचे ड्रम नव्याने करावे लागले, आणि ते जमलं ते केवळ पुन्हा रेकॉर्ड केलेले आवाज कोरडे होते म्हणून. आणखी एक: आपला ऐकणारा फोनच्या स्पीकरवर ऐकतो. पन्नास हर्ट्झचा 808 तिथे ऐकूच येत नाही. त्यावर थोडं सॅचुरेशन टाकून वरचे सूर उभे करावे लागतात, नाहीतर गाणं पोकळ लागतं. माझी शेवटची तपासणी नेहमी चौकातल्या एका ऑटोवाल्याच्या स्पीकरवर होते. आणि मास्टर फार चेपू नका, स्पॉटिफाय सगळ्यांना −14 LUFSच्या आसपास खाली आणतोच.

अल्बम आला. लेबलकडची दोन गाणी त्यात नाहीत, लीजवरची तीन नव्या बीटवर आहेत. अपलोड करताना फॉर्मवर वाटे भरायची वेळ आली तेव्हा सेक्टरमधल्याने विचारलं, "तंबूरेवाले काकांचा वाटा नक्की टाकायचा का? त्यांना तर पैसे दिलेत ना."

"टाकायचा," म्हटलं, "कागदात लिहिलाय."

त्याने टाकला.