खरेदीच्या टेबलावर सिस्टर कुठे असते?

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. हातमोजे, सुया, सलाइनचे सेट, सगळं एकत्रित खरेदीतून वरून येतं. वापरणाऱ्या आम्ही, पण घेण्याआधी आम्हाला कुणी विचारत नाही. जगात कुठे विचारतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विचारतात, ताई. अमेरिकेत तर सुयांच्या बाबतीत न विचारणं म्हणजे नियमभंग.

तिथली रुग्णालयं गट करून खरेदी करतात. गटाच्या वतीने एक संस्था कंपन्यांशी दर ठरवते आणि गंमत म्हणजे या संस्थेला पैसे देतो विकणारा, साधारण विक्रीच्या 3 टक्क्यांपर्यंत. आपण याला सरळ दलाली म्हटलं असतं. तिथल्या संसदेने 1986 मध्ये लाचबंदीच्या कायद्यातून त्याला सूट दिली. त्यात, बहुतेक माल एकाच कंपनीचा घेतला की सवलत वाढते. मग दुसऱ्या कंपनीची, टोचून झाल्यावर आपोआप आत ओढली जाणारी सुई अशा व्यवहारात शिरणार कशी? भांडाराच्या कागदावर ती नुसतीच महाग सुई. तिचं मोल कळतं ते रात्रपाळीत, वापरलेल्या सुईला टोपण लावताना हात चुकला की. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागणीची शक्यता हजारात 3. हेपटायटिस बीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात 6 ते 30.

म्हणून सुरक्षित सुयांसाठी कॅलिफोर्नियाने 1998 मध्ये आधी कायदा केला, नोव्हेंबर 2000 मध्ये देशाचा झाला. त्यातली मेख अशी : सुरक्षित साधन शोधताना, पारखताना आणि निवडताना रुग्णांची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या, व्यवस्थापनात नसलेल्या कर्मचाऱ्यांचं मत घ्यायचं आणि घेतल्याची लेखी नोंद ठेवायची. म्हणजे मेट्रनबाईंची सही घेऊन भागत नाही! दर गटाने ठरवला असला तरी जबाबदारी मालकाचीच.

पण सरकारी रुग्णालयं? तिथेच भोक राहिलं होतं. केंद्राचा कामगार-सुरक्षा कायदा राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या नोकरांना लागूच नाही. ज्या राज्यांनी स्वतःची व्यवस्था केली नव्हती, तिथली सरकारी नर्स बाहेर राहिली. 2003 च्या मेडिकेअर कायद्याने त्या रुग्णालयांनाही हा सुयांचा नियम लावला.

आपल्याकडे ही एकत्रित खरेदी 2017 पासून काही वर्षं हाफकिन महामंडळाकडे होती. 2023 च्या कायद्याने तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. माझं मत विचाराल तर उद्या खरेदी समितीत खुर्ची मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. निविदा उघडून एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दरवाला, ठरल्यावर त्या खुर्चीला चहा आणि बिस्किटांपलीकडे काम उरत नाही. मत घ्यायचं ते स्पेसिफिकेशन लिहिण्याआधी, नमुना आठवडाभर वॉर्डात वापरू देऊन.

माझी वहिनी एका सरकारी रुग्णालयात होती. मोजे यायचे साडेसात नंबरचे, तिचा हात साडेसहाचा. टाके काढताना बोटापुढचं रिकामं रबर चिमट्यात सापडायचं, म्हणून ती मनगटाला चिकटपट्टी गुंडाळायची. इंडेंटवर रकाना एवढाच : ‘मोजे, जोड्या’. तुमच्या इंडेंटवर नंबराचा रकाना आहे का, तेवढं कळवा.