घानातले जेवण आणि घरची नाती

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. पूर्वी तेथे इंग्रजांचे राज्य होते. इंग्रज त्या मुलखाला 'सोन्याचा किनारा' म्हणत. ६ मार्च १९५७ रोजी तो देश स्वतंत्र झाला. अक्रा ही त्याची राजधानी.

माणसाची ओळख कशाने पटते? बोलीने पटते, पेहरावाने पटते, तशी जेवणानेही पटते. घानाचे लोक काय खातात, ते कोण रांधतो, आणि कोणाबरोबर बसून खातात, एवढे पाहिले तरी तिथला घरसंसार कळतो.

उखळ आणि मुसळ

संध्याकाळ झाली की दक्षिण घानातील गावांत उखळात मुसळ पडू लागते. धप्, धप्, धप्! शेजाऱ्याला लगेच कळते, या घरी आज फुफू आहे.

फुफूला कसावा नावाचा कंद आणि मोठी हिरवी केळी लागतात. आपण उपासाला साबुदाणा खातो ना? तो याच कंदापासून करतात. कंद आणि केळी उकडायची आणि लाकडी उखळात कुटायची. एक जण उभा राहून मुसळ मारतो. दुसरा शेजारी बसून ओल्या हाताने गोळा उलटवतो. मुसळ वर गेले की हात आत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. चुकले तर बोटे चेचलीच! म्हणून दोघांचा ठेका जुळावा लागतो. घरातली मुले तो पाहून पाहूनच शिकतात.

मऊ, चिकट गोळा झाला की तो वाडग्यात ठेवून वर सार ओततात. कधी शेंगदाण्याचे सार, कधी पामतेलाच्या फळांचे. त्यात मासे किंवा मटण असते. उजव्या हाताने लचका तोडायचा, सारात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. डावा हात जेवणाला लावायचा नाही. ही रीत आपल्यासारखीच आहे.

भांडे घेऊन निघाली मुले

घानात अकान नावाचा मोठा समाज आहे. अशांती लोक त्यातलेच. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचे मानतात. पूर्वी पुष्कळ ठिकाणी लग्नानंतरही बायको आपल्या माहेरच्या माणसांत राही आणि नवरा आपल्या आईच्या माणसांत.

तुम्ही म्हणाल, मग संसार कसा व्हायचा? बायको आपल्या घरी स्वयंपाक करी. दिवेलागणीला मुले जेवणाची भांडी घेऊन बापाच्या घरी जात. गावात चहूकडे अशी लगबग दिसे. ते भांडे म्हणजे नुसते अन्न नव्हे. नवरा-बायकोचे नाते त्या भांड्यातून रोज इकडून तिकडे जाई. आणि ही दोन्ही घरे आपली, हे मुलांना त्या वाटेवरच कळे.

भुकेला हसण्याचा सण

अक्रा आणि आसपास गा नावाचे लोक राहतात. त्यांचा मोठा सण म्हणजे होमोवो. या शब्दाचा अर्थ भुकेची टर उडवणे. ते सांगतात, आमच्या पूर्वजांवर एकदा मोठा दुष्काळ आला. त्यांनी कष्ट करून मका पिकवला. पीक भरपूर आले, तेव्हा ते भुकेला हसले.

सणाआधी काही आठवडे ढोल आणि गोंगाट बंद असतो. बाहेरगावची माणसे धान्य घेऊन आपल्या मूळ घरी येतात. मक्याच्या पिठाचा पामतेल घातलेला क्पोक्पोई नावाचा पदार्थ करतात. घरातला वडीलधारा माणूस तो आधी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर शिंपडतो. मग लहानथोर एकाच भांड्यात हात घालून जेवतात. दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या घरी जायचे, खुशाली विचारायची आणि जुने भांडण मिटवायचे.

मका मूळचा कुठला?

आता एक नवल ऐका. मका, कसावा, शेंगदाणा आणि मिरची, ही सारी मूळची अमेरिका खंडातली! १४७१ साली पोर्तुगीज दर्यावर्दी घानाच्या किनाऱ्यावर आले. पुढे त्यांच्या जहाजांतून अशी पिके आफ्रिकेत पोचली. आपल्याकडेही मिरची पोर्तुगिजांनीच आणली. आज मिरचीच्या ठेच्याला परका कोण म्हणेल? दाणा परका होता, पण पिढ्यान्‌पिढ्या घरच्या हातांनी तो रांधला, वाटून खाल्ला, म्हणून तो आपला झाला.

आता काय?

आता घानातही शहरांत फुफू कुटायला यंत्रे आली. परदेशी गेलेले लोक फुफूचे पीठ विकत आणतात आणि चुलीवर घोटतात. हे वाईट आहे का? मुळीच नाही. आपल्याकडे पिठाची गिरणी आली आणि बायकांचे जात्यावरचे कष्ट वाचले. तिकडेही तसेच. मुसळ गेले तर जाऊ द्यावे. पण एकत्र बसून जेवणे गेले, पोरांना आजीचा पदार्थच ठाऊक नाही असे झाले, तर मात्र नुकसान मोठे. ते विकत आणून भरता येत नाही.

मंडळी, आजवर आपल्या आयाबायांची पाककृती तोंडीच चालत आली. म्हातारी गेली की तिच्याबरोबर पदार्थही गेला. आता तुम्हाला लिहिता येते. आज घरी गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. एक जुना पदार्थ विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. किती पीठ, किती पाणी, आणि तो कोणत्या दिवशी करायचा, सारे लिहा.

प्रश्न
१. फुफू कुटताना दोन माणसे का लागतात?
२. अशांती मुले संध्याकाळी भांडी घेऊन कोठे जात?
३. होमोवोच्या दुसऱ्या दिवशी लोक काय करतात?
४. तुमच्या घरचा कोणता पदार्थ आता कोणी करत नाही?