घराची फरशी : थोडे विज्ञान, थोडे गणित आणि मिस्त्रीची निवड

कलबुर्गी जिल्ह्यातले शहाबाद गाव महाराष्ट्रात फार थोड्यांनी पाहिले असेल, पण त्याचे नाव तिथे घराघरांत ठाऊक आहे. कारण शहाबादी फरशी. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक थराथरांचा असल्यामुळे त्याच्या सपाट लाद्या निघतात. आता आपल्याकडेही व्हिट्रिफाइड टाइल्सची घरे वाढली आहेत. दुकानात आपण रंग आणि चमक पाहतो. आमचे पालकांना सांगणे आहे, की फरशी टिकते ती खालच्या भरावामुळे आणि बसवणाऱ्याच्या हातामुळे. या दोन्ही गोष्टी काम संपल्यावर झाकल्या जातात. म्हणून त्यांची चौकशी आधी करावी.

खालची जमीन : आपल्या भागात काळी माती पुष्कळ आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर घातलेली फरशी कुठे खचते, कुठे उचलते. म्हणून काळी माती काढून मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसावा आणि वर काँक्रीटचा थर द्यावा. इथे वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

फरशीची जात : शहाबादी फरशी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. विद्यार्थ्यांनी आठवावे : कार्बोनेटवर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि दगड झिजतो. म्हणून ही फरशी ॲसिडने धुऊ नये. लिंबाचा रस सांडला तरी लगेच पुसावा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही (अर्धा टक्का किंवा त्याहून कमी), त्यामुळे डाग कमी पडतात. पण त्याच कारणाने तिला साधे सिमेंट नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइल चिकटवण्याचे खास मिश्रण चांगले. मोरीत, न्हाणीघरात व अंगणात चकचकीत टाइल नको, खरखरीत घ्यावी. घरात आजी-आजोबा असतील तर याला पहिले महत्त्व द्यावे. भिंतीची टाइल जमिनीवर लावू नये, ती वजन सोसत नाही.

हिशेब : बाजारात जिला ‘दोन बाय दोन’ म्हणतात, ती बहुधा 600 मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. अशा 4 टाइल्सच्या खोक्यात 16 नव्हे, सुमारे 15.5 चौरस फूट जागा भरते. 12 × 10 फुटांची खोली 120 चौरस फूट होते. तुटफूट व काटछाट यांसाठी 10 टक्के धरून 132. त्याला 15.5 ने भागले की साडेआठ येतात, म्हणजे 9 खोकी घ्यावी लागतील. सगळी एकाच वेळी, एकाच बॅचची घ्यावीत. नंतर आणलेल्या खोक्याची छटा जुळेलच असे नाही.

मिस्त्री ठरवताना : ‘तुमचे काम दाखवा’ असे म्हणावे आणि किमान एक पावसाळा काढलेले काम पाहावे. दर चौरस फुटाने की ब्रासने (1 ब्रास म्हणजे 100 चौरस फूट), भिंतीलगतच्या पट्टीचा दर वेगळा आहे का, सिमेंट-वाळू कोण आणणार, सांधे भरणे व साफसफाई दरात आहे का, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. मराठी, कन्नड, हिंदी, जी भाषा दोघांना वाचता येते ती चालेल. पैसे कामाच्या टप्प्यांनी द्यावेत. शेवटचा थोडा भाग तपासणीनंतर द्यावा, पण तपासणी झाल्यावर अडवून ठेवू नये.

काम तपासताना : कोपरा काटकोनात आहे का, हे 3, 4, 5 फुटांच्या मापाने कळते. हा आपल्या पुस्तकातला पायथागोरसच आहे. समपातळीसाठी मिस्त्री पाण्याची नळी वापरतात, कारण जोडलेल्या नळीत पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर राहते. न्हाणीघरात मात्र उतार हवा, 8 फुटांना सुमारे 1 इंच, जाळीच्या दिशेने. बादलीभर पाणी ओतून पाहावे. टाइल पक्की बसल्यावर लाकडी दांड्याने हलके ठोकावे. पोकळ आवाज आला तर खाली मसाला पूर्ण भरलेला नाही. जड वस्तू पडली तर ती तिथेच फुटेल.

बसवणाऱ्याची काळजी : टाइल किंवा ग्रॅनाइट कोरडे कापले की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षे श्वासातून जाऊन सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा रोग होतो. तो बरा होत नाही. म्हणून पाणी सोडून, उघड्यावर, तोंडाला योग्य मास्क लावून कापावे. पाणी आणि वीज एकत्र येते, तेव्हा अर्थिंग व वायर आधी तपासावी. वेळ थोडा जास्त लागेल. मालकाने घाई करू नये. आपल्या घराच्या चमकेसाठी दुसऱ्या घरच्या कर्त्या माणसाचा श्वास जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ : 15 × 10 फुटांच्या खोलीला अशी किती खोकी लागतील? (उत्तर : 11.) मग स्वतःच्या घरातली एक खोली मोजून तिचा हिशेब वहीत लिहावा व पालकांना दाखवावा.