गाभण मेंढीचा खुराक, कोकराची वाढ

प्रश्न : माझ्याकडे ४० दख्खनी मेंढ्या आहेत. यंदा कोकरे लहान, अशक्त जन्मली, काही दगावली. पुढच्या वेतासाठी काय काळजी घ्यावी? (एक मेंढपाळ, माण, जि. सातारा)

उत्तर : मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. कोकराची जवळपास ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमकी याच वेळी चराई आटलेली असली, तर मेंढी अंगावरचे मांस झिजवते, कोकरू हलके जन्मते आणि चीकही कमी उतरतो.

रोडावलेली मेंढी लोकरीमुळे नजरेला कळत नाही. पाठीच्या कण्यावरून हात फिरवा. मणके टोचत असतील, तर खुराक आताच सुरू करा. शेवटचा दीड महिना चराईशिवाय रोज २०० ते ३०० ग्रॅम भरडलेला मका व शेंगदाणा पेंड, सोबत खनिज मिश्रण द्या. सुरुवात ५० ग्रॅमपासून करा. एकदम धान्य दिल्यास पोट बिघडते. पोटात जुळी असलेली मेंढी चारा सोडून सुस्त उभी राहिली, तर त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवा.

गाभणकाळाच्या मधल्या टप्प्यातली उपासमारही महागात पडते. तेव्हा वार वाढत असते. तीच खुरटली, तर शेवटच्या खुराकाने सगळी तूट भरून निघत नाही.

विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लस टोचा. कोकराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा. लसीचे संरक्षण त्यातूनच त्याला मिळते.